कच्चं दूध विकू द्या, पण कच्चं प्या म्हणू नका : अमेरिकेतला वाद आणि आपला रतीब

अमेरिकेत कच्च्या, म्हणजे न तापवलेल्या दुधाच्या विक्रीला मोकळीक द्यावी की नाही, यावर गेली काही वर्षं जोरात वाद चालू आहे. तिथले आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी (ज्युनियर) यांनी मंत्री होण्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सरकारी अन्न-औषध खातं कच्चं दूध दडपून टाकतंय असा उघड आरोप केला होता. तेव्हापासून हा विषय निवडणुकीच्या फडातच आला म्हणायचा. एका बाजूला डॉक्टर आणि सरकारी खाती, दुसऱ्या बाजूला छोटे गोठेवाले आणि ‘आमच्या ताटात काय असावं ते आम्ही ठरवू’ म्हणणारे ग्राहक.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेच्या दुधाचं आपल्या अकोले-संगमनेरला काय घेणं? घेणं आहे, आणि ते दोन कारणांनी. एक, ‘दूध तापवलं की मेलं, कच्चं तेच अमृत’ असे तिकडचे रील आपल्या पोरांच्या मोबाईलवर हिंदी-मराठीत उतरलेत. शहरातली काही गिऱ्हाईकं गोठ्यावर येऊन विचारायला लागलीत, “तुमचं दूध न तापवता चालेल ना?” दुसरं कारण मोठं आहे. तिथल्या वादाच्या मुळाशी जे दुखणं आहे तेच आपलंही आहे : दुधाचा दर.

तिथं बंदी आली कशी

एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कसारख्या शहरांत दारूच्या भट्ट्यांना लागून गोठे होते. भट्टीचा उरलेला गरम चोथा गाईंना घालायचे. आजारी, घाणीत बांधलेल्या गाईंचं पातळ दूध, त्यात खडू-पीठ मिसळून, गरिबांच्या पोरांना विकलं जायचं. लहान मुलं फार दगावली. त्या अनुभवातून आधी स्वच्छतेचे नियम आले आणि मग पाश्चरायझेशन. १९०८ मध्ये शिकागो शहरानं त्याची सक्ती केली, पुढं एकेका राज्यानं केली.

पाश्चरायझेशन म्हणजे काही रसायन टाकणं नव्हे. दूध ६३ अंशांवर अर्धा तास, नाहीतर ७२ अंशांवर १५ सेकंद तापवायचं आणि लगेच थंड करायचं. रोगाचे जंतू मरतात, दूध तेच राहतं. आपली आजी चुलीवर दोन उकळ्या आणायची, ती याच्याही पुढची पायरी.

१९८७ मध्ये एक ग्राहक संघटना कोर्टात गेल्यावर, कोर्टाच्या आदेशानं अमेरिकेच्या केंद्र सरकारनं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पिण्यासाठी कच्चं दूध विकायला बंदी घातली. राज्याच्या आत काय करायचं ते मात्र राज्यांवर सोडलं. म्हणून तिथं सगळी खिचडी आहे. कॅलिफोर्नियात कच्चं दूध दुकानात मिळतं. काही राज्यांत फक्त गोठ्यावर जाऊन घेता येतं. काही ठिकाणी गाईत वाटा विकत घ्यायचा, म्हणजे ‘मी माझ्याच गाईचं दूध पितोय’ असं कागदावर होतं. फ्लोरिडात ते ‘जनावरांचं खाद्य’ असं लेबल लावून विकतात. ते कोण पितं हे सगळ्यांना माहीत असतं.

अलीकडं वारं मोकळीक देण्याच्या बाजूनं आहे. आयोवा राज्यानं जुलै २०२३ पासून दहापर्यंत दुभती जनावरं असलेल्या गोठ्यांना थेट ग्राहकाला कच्चं दूध विकायची परवानगी दिली, सोबत दुधाच्या नियमित तपासणीची अट घातली. राज्याबाहेरची विक्रीही मोकळी करावी असं विधेयक खासदार थॉमस मॅसी यांनी संसदेत पुन्हा पुन्हा मांडलंय.

खरं दुखणं दराचं

या भांडणात आरोग्य, स्वातंत्र्य, निसर्ग असे मोठमोठे शब्द येतात. पण एक शेतकरी म्हणून मी बघतो तेव्हा मला त्यात हिशोब दिसतो.

विस्कॉन्सिन हे अमेरिकेचं दुधाचं राज्य. तिथं २००४ च्या सुमारास १५ हजारांच्या वर दुधाचे गोठे होते, ते वीस वर्षांत ६ हजारांच्या खाली आले. गाई कमी झाल्या नाहीत, गोठे कमी झाले. हजारो गाईंचे कारखान्यासारखे गोठे टिकले, पन्नास-साठ गाईवाला उठला. डेअरीला घातलेल्या दुधाचा भाव त्याच्या हातात नसतो. कच्चं दूध थेट विकलं तर गिऱ्हाईक दुकानातल्या दुधाच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजतं आणि मध्ये कुणी नसतं. बुडणाऱ्याला काडीचा आधार, तसं ते आहे.

पण त्याच विस्कॉन्सिनमध्ये २०१० साली कच्च्या दुधाला परवानगी देणारं विधेयक विधिमंडळात मंजूर होऊनही राज्यपाल जिम डॉयल यांनी ते अडवलं. विरोध फक्त डॉक्टरांचा नव्हता, दूध धंद्यातल्या मोठ्या संस्थाही विरोधात होत्या. त्यांचं म्हणणं होतं, एका गोठ्याच्या कच्च्या दुधानं चार पोरं आजारी पडली, तर बातमी ‘दुधानं आजार’ अशी होते आणि सगळ्या राज्याचं दूध पडतं. यात बड्यांचा स्वार्थ आहेच. पण मुद्दा अगदीच खोटाही नाही. आपल्याकडं कुठंतरी युरियाचं दूध पकडल्याची बातमी आली की प्रामाणिक गवळ्याचाही रतीब सुटतो, हे कुणाला सांगायला नको.

धोका किती खरा

कच्च्या दुधाचे समर्थक म्हणतात, आमचे पूर्वज हेच प्यायचे. त्यांच्या बाजूचा एक मुद्दा मान्य करायला हवा. युरोपात गोठ्याच्या वातावरणात वाढलेल्या, गोठ्याचं दूध प्यायलेल्या मुलांमध्ये दमा आणि ॲलर्जी कमी दिसली, असे अभ्यास आहेत. पण ते अभ्यास करणाऱ्यांनीही ‘म्हणून मुलांना कच्चं दूध पाजा’ असं सांगितलेलं नाही. दूध न पचणाऱ्याला कच्चं पचतं, हा दावा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १६ जणांवर तपासला, तर फरक आढळला नाही. तापवल्यानं थोडी जीवनसत्त्वं कमी होतात. कॅल्शियम आणि प्रथिनं कुठं जात नाहीत.

उलट बाजूचे आकडे असे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या नोंदीप्रमाणे १९९८ ते २०१८ या काळात कच्च्या दुधामुळं आजार पसरल्याच्या २०२ घटना झाल्या. त्यात २,६४५ जण आजारी पडले, २२८ दवाखान्यात दाखल झाले, तिघं गेले. एवढ्या मोठ्या देशात वीस वर्षांत एवढेच, असं कुणी म्हणेल. पण तिथं कच्चं दूध पिणारे मुळात थोडे आहेत, त्या मानानं हा आकडा लहान नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्लोरिडात एकाच गोठ्याच्या दुधाशी संबंध जोडलेले २१ रुग्ण सापडले, त्यात दहा वर्षांखालची सहा मुलं होती.

जंतू येतात कुठून? आपण समजतो आजारी गाईच्या दुधातूनच. तसं नाही. धडधाकट गाईच्या शेणातही ई-कोलायच्या वाईट जाती असू शकतात. सडाला लागलेलं शेण, शेपटीचा फटकारा, नीट न धुतलेली चरवी, कॅनच्या झाकणातलं जुनं रबर, एवढं पुरतं. लहान पोराच्या पोटात तो जंतू गेला तर कधीकधी मूत्रपिंडापर्यंत बात जाते.

त्यात मार्च २०२४ मध्ये नवीनच झालं. टेक्सास आणि कॅन्ससमधल्या दुभत्या गाईंमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. कोंबड्यांचा रोग गाईच्या कासेत उतरला, दूध घट्ट-पिवळं पडलं, उत्पादन घटलं. ते कच्चं दूध प्यायलेली गोठ्यावरची मांजरं मेली. वर्षाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात एका मोठ्या कच्च्या दूधवाल्याच्या बाटल्यांत हा विषाणू सापडून माल परत मागवावा लागला, आणि १८ डिसेंबर २०२४ ला राज्यपालांनी बर्ड फ्लूमुळं आणीबाणी जाहीर केली. पाश्चरायझेशननं हा विषाणू मरतो. म्हणजे पाकीटबंद दूध पिणारा सुरक्षित आणि ‘निसर्गाचं’ पिणारा धोक्यात, असा उलटा फासा पडला.

आपल्याकडं काय आहे

आता आपल्या गावात येऊ. आपल्याकडं कच्चं दूध विकायला बंदी नाही. ४० अंशांच्या वर न तापवलेलं ते कच्चं दूध, अशी व्याख्याच अन्न सुरक्षेच्या नियमांत आहे. गवळी, रतीब घालणारा, छोटा विक्रेता यांनी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करायची असते. नोंदणीकृत सहकारी दूध संस्थेचा सभासद असून सगळं दूध संस्थेलाच घालत असाल, तर वेगळी नोंदणी लागत नाही. पण संस्थेला घालून उरलेल्या पाच-दहा लिटरचा तालुक्याच्या गावात रतीब असेल, तर नोंदणी करायला हवी. कितीजणांना हे माहीत आहे? गावोगाव विचारून बघा.

अमेरिकेत ज्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, ते आपल्याकडं रोज सकाळी मोटरसायकलला कॅन बांधून चालतं. तरी तिथल्यासारखा गोंधळ होत नाही, कारण आपल्या बाईच्या हातात पातेलं आहे. दूध घरात आलं की आधी गॅसवर. साय धरली तर दूध चांगलं, नासलं तर उद्या गवळ्याला जाब. पाश्चरायझेशनचा कारखाना आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे, आणि कच्च्या दुधाच्या आपल्या सगळ्या व्यवस्थेचा भार त्या एका पातेल्यावर आहे.

अपवाद आहे तो धारोष्ण दुधाचा. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून समोर धार काढतात आणि पैलवानापासून पेठेतल्या म्हाताऱ्यापर्यंत लोक उभ्या उभ्या ग्लास रिचवतात. ती परंपरा मोठी आहे, तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. पण तिथं म्हैस समोर असते, धार आणि पिणं यात मिनिटभराचं अंतर असतं. पहाटे पाचला काढलेलं दूध नऊ वाजता शहरातल्या फ्लॅटमध्ये पोचतं, ते धारोष्ण नसतं. ते फक्त न तापवलेलं असतं, आणि त्या चार तासांत जंतूंची पैदास कितीतरी पटींनी वाढलेली असते. रीलमध्ये हा फरक कुणी सांगत नाही.

शिवाय आपल्या जनावरांत सांसर्गिक गर्भपात आणि क्षय हे दोन रोग आहेत, आणि दोन्ही कच्च्या दुधातून माणसाला होऊ शकतात. सांसर्गिक गर्भपाताचा जंतू माणसात गेला तर महिनोन्‌महिने ताप येतो-जातो, सांधे धरतात, निदान लवकर होत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्रानं लाळ्या-खुरकूत आणि या रोगाच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना आयुष्यात एकदाच ही लस द्यायची असते. डॉक्टर वाडीवर आले की ‘नंतर बघू’ म्हणून कालवड लपवणारे आपणच आहोत.

उकळीनं जंतू मरतात, भेसळ मरत नाही

इथं एक गल्लत होते, ती सोडवली पाहिजे. ‘तापवलं की झालं’ हेही पूर्ण खरं नाही. युरिया, डिटर्जंट, तेल, मिठाचं पाणी यातलं काहीच उकळून जात नाही. गाईला कासदाहासाठी सोडलेल्या प्रतिजैविकाचा अंश जात नाही. बुरशी लागलेली पेंड, मका नाहीतर खराब मुरघास खाल्लेल्या जनावराच्या दुधात उतरणारं अफ्लाटॉक्सिनही जात नाही.

केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळं पिण्यास असुरक्षित असे फक्त १२ निघाले. पण ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त होतं आणि ७७ नमुन्यांत प्रतिजैविकाचे अंश जास्त होते. आणि अफ्लाटॉक्सिनची तक्रार सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त आढळली. म्हणजे ‘सुटं ते घाण, पिशवी ती शुद्ध’ असा जो प्रचार होतो, त्याला त्या सर्वेक्षणाचा आधार नाही. तसाच ‘गोठ्याचं ते शुद्धच’ या समजालाही नाही.

भेसळ रोखायला २०२३ मध्ये राज्य सरकारनं अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समित्या केल्या. धाडीच्या बातम्या आपण वाचतो. पण एखाद्या साध्या शेतकऱ्याला वाटलं की आपलं दूध प्रतिजैविकासाठी, अफ्लाटॉक्सिनसाठी तपासून घ्यावं, तर तालुक्याच्या गावी जायचं कुठं? केंद्रावरचं यंत्र फॅट आणि एसएनएफ सांगतं, कारण त्यावर पैसे कापायचे असतात. दूध पिण्याजोगं आहे का, हे ते यंत्र सांगत नाही.

रतीबाचा हिशोब

आता मूळ मुद्दा. २०२४ च्या जुलैत आपल्या अकोले तालुक्यात कोतूळला दूध उत्पादक धरण्याला बसले होते, मागणी लिटरला ४० रुपयांची. सरकारनं १ जुलैपासून ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला डेअरीचे ३० आणि अनुदानाचे ५ असे ३५ रुपये ठरवले. ऑक्टोबरपासून तेच गणित २८ आणि ७ असं झालं. म्हणजे अनुदान वाढलं तसा डेअरीचा दर खाली आला, शेतकरी होता तिथंच. त्याच वेळी शहरात पिशवीतलं गाईचं दूध पन्नाशीच्या पुढं.

समजा एखाद्याचं रोज ४० लिटर दूध आहे. सगळं ३५ नं घातलं तर १,४०० रुपये. त्यातलं १० लिटर तालुक्याच्या गावात ५० नं रतीबाला दिलं तर १,५५०. दिवसाला १५० म्हणजे महिन्याला साडेचार हजार जास्त. यातून पेट्रोल जातं, दोन वेळचा माणूस अडकतो, सुट्टीत गिऱ्हाईक गावाला जातं, कुणाची उधारी बुडते. तरीही चार पैसे उरतात, आणि मुख्य म्हणजे रोख राहते, दहा दिवसांच्या पगाराची वाट बघावी लागत नाही.

पण हे सगळ्यांना जमणारं नाही. संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या कडेला राहणाऱ्याला जमेल. डोंगराकडच्या वाडीवरच्या माणसाला गिऱ्हाईक कुठून मिळणार? त्याला डेअरीचाच आधार. त्यामुळं थेट विक्री हा दुधाच्या दरावरचा पूर्ण उतारा नाही. ती डेअरीवर थोडा दाब आणणारी दुसरी वाट आहे. ती मोडू द्यायची नाही, आणि तिचा विश्वासही घालवायचा नाही.

मग करायचं काय

इटलीचं उदाहरण घेण्यासारखं आहे. तिथं गोठेवाल्यांनी गावोगाव कच्च्या दुधाची यंत्रं बसवली होती. नाणं टाकायचं, बाटली भरायची. काही मुलं आजारी पडल्यावर २००८ च्या डिसेंबरात सरकारनं ती यंत्रं बंद केली नाहीत, तर ‘उकळून प्या’ असं त्यावर ठळक लिहिण्याची सक्ती केली. शेतकऱ्याची वाट उघडी राहिली आणि मुलांचा जीवही सांभाळला गेला. आपली आजी जे न सांगता करायची, ते त्यांनी कायद्यात लिहिलं.

आपल्याकडं रतीब घालणाऱ्यांनी काही गोष्टी आजपासून करता येतील.

– नोंदणी करून घ्या. उद्या कुणी सुटं दूध बंद करा म्हणून ओरडलं, तर कागद असलेलाच टिकेल.
– धारेआधी सड धुवा, कोरडे करा, पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढा. गाठी दिसल्या तर ते दूध कॅनमध्ये नको.
– औषध सोडलं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस ते दूध विकू नका. नुकसान होतं, मान्य. पण गिऱ्हाईकाचं लेकरू आपल्या लेकरासारखंच आहे.
– बुरशीची पेंड जनावराला घालू नका, स्वस्त मिळाली तरी.
– कालवडीला लस टोचून घ्या.
– गिऱ्हाईकाला तोंडानं सांगा : “ताई, उकळूनच घ्या.” कुणी कच्चं पिण्यासाठी मागितलं आणि दहा रुपये जास्त देऊ केले, तरी हेच सांगा.

सरकारकडून मागायचं ते एवढंच : तालुक्याला एक ठिकाण, जिथं शेतकरी स्वतःच्या दुधाचा नमुना परवडेल अशा फीत तपासून घेईल आणि कागद घेऊन जाईल. जिथं लिटरमागं ७ रुपये अनुदान देता आलं, तिथं हे अवघड नसावं.

शहरात काचेच्या बाटलीतलं ‘देशी’, ‘ए-टू’, ‘कच्चं’ असं नाव देऊन दूध दुप्पट दरानं विकणाऱ्या कंपन्या येताहेत. ए-टूच्या दाव्यांवर प्राधिकरणानं ऑगस्ट २०२४ मध्ये आधी बंदी घातली आणि पाच दिवसांत तो आदेश मागं घेतला, यावरूनच तिथं किती ओढाताण आहे ते कळतं. त्यांच्याकडं जाहिरात आहे. आपल्याकडं ओळख आहे. गिऱ्हाईक आपल्या गोठ्यावर येऊन गाय बघू शकतं, हा आपला खरा ब्रँड.

अमेरिकेतला गोठेवाला वाईट नाही, तो अडलेला आहे. पण त्यानं दर मिळवायला जो माल बाजारात आणला, त्यात गिऱ्हाईकाच्या जिवाचा धोका मिसळलेला आहे. आपल्याला तसं करायची गरज नाही. आपल्याकडं दूध कच्चं विकायची मुभा आहे आणि ते तापवून प्यायची रीतही आहे. रीलच्या नादानं रीत मोडली आणि एखाद्या गावात चार पोरं दवाखान्यात गेली, तर आधी मुभा जाईल. मग रतीबाचं ते दहा लिटरही पुन्हा केंद्रावर, फॅट-डिग्रीच्या यंत्रासमोरच न्यावं लागेल.